वाईनच्या बाटलीत सरकार किती?

२०२५ च्या जूनमध्ये क्वार्टरचे, म्हणजे दारूच्या १८० मिलीच्या बाटलीचे, भाव चढले आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखच बदलला. पूर्वी लोक घरपट्टी, वारस नोंद, सातबारा विचारायचे. आता बाटली विचारतात. मी राज्य उत्पादन शुल्क खात्यात धुळे, नंदुरबार, जळगाव अशा तिन्ही जिल्ह्यांत नोकरी करून निवृत्त झालो, हे संपादकांनी छापून टाकलं, त्याचा हा परिणाम. या वेळी वाईनवरची पत्रं एकत्र घेतली आहेत. पत्रं थोडी आखडली आहेत, शिव्या पूर्ण काढल्या आहेत.

प्रश्न : मुलगी-जावई नाशिकला असतात. दिवाळीत त्यांच्यासोबत गंगापूर धरणाकडची एक वायनरी पाहायला गेलो. येताना लाल वाईनची बाटली घेतली, आठशे रुपये. तिथला माहिती देणारा मुलगा सांगत होता की सरकारनं वाईनला करात सूट दिली आहे. इकडे आमच्या गल्लीत क्वार्टर दोनशेच्या पुढे गेली म्हणून ओरड चालू आहे. सूट असून वाईन आठशेला आणि कर असून क्वार्टर दोनशेला, हे गणित मला बसत नाही. मी गणिताचाच शिक्षक होतो.
– निवृत्त मुख्याध्यापक, चाळीसगाव

उत्तर : सर, गणित बसतं. फक्त दोन बाटल्यांना दोन वेगळी सूत्रं लागतात.

आधी तुमची वाईन घेऊ. महाराष्ट्रातल्या द्राक्षांपासून इथंच केलेल्या वाईनवर उत्पादन शुल्क आहे लिटरला १० रुपये. २००१ चं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं तेव्हापासून ते माफच होतं, २०२२ पासून हे दहा रुपये लागले. तुमची बाटली ७५० मिलीची, म्हणजे शुल्क साडेसात रुपये. वायनरीच्या दारात प्यायलेला चहा याहून महाग पडला असेल.

त्यावर व्हॅट २० टक्के. आठशेच्या किमतीत व्हॅट आत धरला, तर तो १३३ रुपयांच्या वर जाऊच शकत नाही. आठशेला एकशेवीसनं भागून वीसनं गुणा, तेवढेच येतील. तो दुकानाच्या आधीच्या टप्प्यावर लागला तर त्याहून कमीच. यातलाही मोठा वाटा सरकार परत देतं. २० पैकी १६ टक्के व्हॅट वायनरीला परतावा म्हणून मिळतो. ही योजना मध्यंतरी रखडली होती, जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ती पाच वर्षांसाठी पुन्हा मार्गी लावली. म्हणजे तिजोरीत उरतात फार तर सत्तावीस रुपये व्हॅटचे आणि साडेसात शुल्काचे. आठशेत पस्तीस रुपये सरकार.

आता क्वार्टर. आपल्याकडे बनणारी व्हिस्की-रम खात्याच्या भाषेत विदेशी मद्य. तिचं शुल्क कारखान्यानं जाहीर केलेल्या निर्मिती खर्चाच्या पटीत असतं. हा खर्च लिटरला २६० रुपयांपर्यंत असलेल्या मालावर पूर्वी तिप्पट शुल्क होतं, १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयानं ते साडेचारपट झालं. समजा निर्मिती खर्च लिटरला १०० रुपये आहे. १८० मिलीला माल पडला १८ रुपयांचा. पूर्वी त्यावर शुल्क बसायचं ५४, आता ८१. त्यावर पुन्हा व्हॅट, ठोक विक्रेता आणि दुकानदार. त्याच निर्णयात १८० मिलीच्या किमान किमती ठरल्या : देशी ८० रुपये, धान्यापासूनची नवी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८, विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. तुमच्या गल्लीतली ओरड या २०५ ची आहे. बिअर आणि वाईनला त्या निर्णयानं हात लावला नाही.

मग आठशे जातात कुठे? तुम्ही वायनरी पाहून आलात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. ही आपण खातो ती नव्हेत. दाणा बारीक, आत बी, साल जाड. काढणी साधारण जानेवारी ते मार्च, वर्षातून एकदाच. वायनरीनं त्या दोन-तीन महिन्यांत वर्षभराच्या मालाचे पैसे मोजायचे आणि पुढं वर्ष-दोन वर्षं ती वाईन विकत बसायची. बँकेचं व्याज कोणासाठी थांबत नाही. व्हिस्कीवाल्याचं असं नसतं, त्याचं स्पिरिट टँकरनं हवं तेव्हा येतं. शिवाय रस आंबत असताना तो गार ठेवावा लागतो. नाशिकची हवा कितीही चांगली म्हटली तरी मार्च तो मार्चच. तुम्ही स्टीलच्या मोठ्या टाक्या पाहिल्या असतील. त्यांच्या दुहेरी भिंतींतून थंड पाणी फिरवत ठेवतात, आणि विजेचं मीटर त्याहून जोरात फिरतं. लाल वाईन ओकच्या पिंपात मुरवली असेल, तर ती पिंपं परदेशातून येतात.

आणि एक कर असा आहे जो त्या मुलानं तुम्हाला सांगितला नसणार, कारण तो कुठल्याच पावतीवर दिसत नाही. वायनरी काचेची रिकामी बाटली घेते तेव्हा तिच्यावर १८ टक्के जीएसटी भरते. लेबल, खोकी, यंत्रं, त्यांची दुरुस्ती, सगळ्यावर जीएसटी आहेच. साबणाचा कारखानदार हा भरलेला कर आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करतो. वाईन जीएसटीच्या बाहेर असल्यानं वायनरीला ती वजावट नाही. भरलेला कर मालाच्या किमतीत मुरतो आणि त्यावर वरून व्हॅट बसतो. दिल्लीचा कर मुंबईच्या कराच्या पोटात, असा हा प्रकार. सुटीच्या हिशेबात तो कोणी धरत नाही.

आणि शुल्क माफ केलं की धंदा उभा राहतो, असंही नाही. शुल्क शून्य होतं त्याच काळात, २००८ च्या मंदीनंतर, नाशिककडच्या वायनऱ्यांत माल पडून राहिला. उचल होईना, पैसे अडकले, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षांच्या बागा तोडून खाण्याच्या द्राक्षांकडे मोर्चा वळवला. कराची सूट होती, पिणारा नव्हता.

खान्देशात तर अजूनही नाही. नोकरीत दुकान तपासायला गेलो की नोंदवही आणि फळीवरचा माल जुळवायचा असे. भुसावळच्या एका दुकानात मे महिन्यात पाहिलेलं सांगतो. व्हिस्कीच्या फळ्या भरत होत्या आणि रिकाम्या होत होत्या. वाईनच्या पाच-सहा बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर, पत्र्याच्या छताला डोकं लावून उभ्या, खांद्यावर धूळ. एकीचं बूच उष्णतेनं वर सरकलेलं आणि गळ्यावरून लाल ओघळ खाली येऊन लेबलवर वाळलेला. छापील किंमत तीच, नाशिकला असते ती. दुकानदार म्हणाला, “साहेब, दवाखान्यावाले डॉक्टर लोक नेतात कधीमधी, नाहीतर कोण विचारतं?” असा माल महिनोन्‌महिने पैसे अडकवून बसतो, म्हणून दुकानदाराला त्यात जास्त सुटावं लागतं, आणि तेही तुमच्या आठशेतच आहे. तुम्ही बाटली नाशिकला घेतली ते उत्तम केलंत. उन्हाळ्याआधी संपवा, आणि तोवर आडवी ठेवा.

प्रश्न : आमच्या गावात बचत गटाच्या बाया दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून भांडत आहेत. आणि सरकार शेतकऱ्याचं नाव पुढं करून वाईनला सवलती देतं. वाईनमध्ये दारू नसते का? तुम्ही खात्यातले, तुम्ही बाजू घेणारच, तरी विचारते.
– बचत गटाची अध्यक्ष, शहादा तालुका

उत्तर : ताई, असते. ७५० मिलीच्या बाटलीत १२.५ टक्के धरलं तर ९४ मिली शुद्ध अल्कोहोल होतं. ४२.८ टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली. म्हणजे वाईनची अख्खी बाटली ही सव्वा क्वार्टर झाली. यकृताला कोणत्या मालावर किती कर भरला ते कळत नाही.

सरकारला मात्र चांगलं कळतं. त्या ९४ मिलीवर ते साडेसात रुपये शुल्क घेतं आणि वर मुख्याध्यापकांना दिलेल्या उदाहरणातल्या ७७ मिलीवर ८१. अल्कोहोलच्या मापानं पाहिलं तर या तफावतीला समर्थन नाही, आणि तुमचा राग इथं रास्त आहे. इंग्लंडनं ऑगस्ट २०२३ पासून शुल्क अल्कोहोलच्या प्रमाणाशी बांधून घेतलं, तिथंही वाईनवाल्यांनी बरीच आदळआपट केली.

पण तुमच्या गावापुरतं बोलायचं तर नशेसाठी पिणारा कर पाहत नाही, किंमत पाहतो. त्याला ७७ मिली २०५ रुपयांत मिळते, ९४ मिलीसाठी आठशे तो कशाला मोजेल? देशीची क्वार्टर ८० ला आहे, आणि हातभट्टीवर कोणी एमआरपी छापत नाही. मला तर भीती वेगळीच वाटते. क्वार्टर जितकी महाग होईल तितका गिऱ्हाईक हातभट्टीकडे आणि सीमेपलीकडून येणाऱ्या मालाकडे सरकेल. शहाद्याहून मध्य प्रदेशातलं खेतिया किती लांब, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेतकऱ्याच्या नावाबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावरही बोलतो. तो १६ टक्क्यांचा परतावा वायनरीच्या खात्यावर जमा होतो. शेतकऱ्याला मिळतो तो करारातला किलोचा भाव. परताव्यातला एक रुपयाही त्याच्यापर्यंत पोचलाच पाहिजे, असं बंधन मला कधी दिसलं नाही. शेतकऱ्यासाठी सूट असेल तर परताव्याला द्राक्षाच्या किमान भावाची अट घाला, असं माझं मत आहे आणि नोकरीत असतानाही होतं. फक्त तेव्हा ते लिहायची सोय नव्हती. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं १०० चौरस मीटरहून मोठ्या किराणा-सुपरमार्केटात कुलूपबंद कपाटातून वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढं होतं. विरोध एवढा झाला की तो निर्णय दुकानापर्यंत आलाच नाही.

गावचं दुकान बंद करायला कराचा उपयोग नाही, आडव्या बाटलीचा, म्हणजे मतपत्रिकेवरच्या ‘दुकान बंद’च्या खुणेचा आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं की मतदान घ्यावं लागतं, आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. निम्म्याहून जास्त म्हणजे आलेल्या बायांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या. गावं इथंच हरतात. ज्या सासरी गेल्या, ज्या ऊसतोडीला गेल्या, त्यांची नावं यादीत असतातच. निवेदनाआधी यादी तपासून घ्या.

प्रश्न : मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही चौघी धुळ्यातल्या एका हॉटेलात जेवायला गेलो. दोघींनी एकेक ग्लास वाईन घेतली. बिलात जेवण आणि वाईन यांची बेरीज करून सगळ्यावर पाच टक्के जीएसटी लावला आहे, शिवाय वाईनवर व्हॅट वेगळा. एका ग्लासचे लावलेले पैसे पाहता तीन ग्लासांत दुकानातली बाटली आली असती. काका, हे बरोबर आहे का? बिलाचा फोटो जोडते.
– बँक कर्मचारी, धुळे

उत्तर : व्हॅट बरोबर, जीएसटी चूक.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हाच पिण्याचं मद्य त्यातून वगळलेलं आहे, आणि तेही साध्या नियमात नाही, थेट घटनेत. अनुच्छेद ३६६ मध्ये जीएसटीची व्याख्याच ‘मानवी सेवनाचं मद्य सोडून’ अशी केली आहे. म्हणून तुमच्या पनीर टिक्क्यावर जीएसटी, वाईनवर नाही. वाईनवर लागतो तो राज्याचा व्हॅट. परमिट रूममध्ये तो २०२३ च्या नोव्हेंबरपासून १० टक्के आहे, त्याआधी ५ होता. बहुतेक वेळा यात लबाडी नसते. बिलाच्या मशीनमध्ये वाईनचा कोड जेवणाच्या यादीत टाकलेला असतो आणि मालकालाही पत्ता नसतो. बिल घेऊन जा, शांतपणे दाखवा. रक्कम छोटी आहे, पण तुम्ही बँकेत आहात, तुमच्या आवाजाला वजन येईल.

ग्लासच्या दरात मात्र कर कमी आणि हॉटेलवाल्याची धास्ती जास्त असते. बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. धुळ्यात दोन ग्लास गेले आणि उरलेली तशीच राहिली, तर तीन-चार दिवसांत ती आंबट होऊन मोरीत जाते. म्हणून पहिल्या दोन-तीन ग्लासांतच तो बाटलीचे पैसे वसूल करून घेतो. चौघी होतात तर बाटलीच मागवायची होती.

प्रश्न : भाचा लंडनला असतो. तो सांगतो, तिथं सात पौंडांत बरी फ्रेंच वाईन मिळते. तीच मुंबईत तिप्पट का? तिकडं कर नाही का?
– सराफ व्यावसायिक, जळगाव

उत्तर : तिकडं कर आहे, आणि भाच्याला वाटतो त्याहून जास्त आहे. ब्रिटनमध्ये साध्या वाईनच्या बाटलीवर अडीच पौंडांहून अधिक शुल्क ठरलेलं असतं, मग आतली वाईन दोन पौंडांची असो की पन्नासची. त्यावर, म्हणजे शुल्क धरून येणाऱ्या किमतीवर, २० टक्के व्हॅट. सात पौंडांच्या बाटलीत व्हॅटच एक पौंड सतरा पेन्स झाला. दोन्ही मिळून निम्म्याहून जास्त पैसे सरकारचे. वीस पौंडांची घेतली तर शुल्क तेवढंच राहतं, म्हणून वाढलेल्या पैशातला बराच भाग खरोखर वाईनला जातो. तुम्ही सराफ आहात, घडणावळ लगेच लक्षात येईल : हलक्या दागिन्यात तीच जास्त डोळ्यांवर येते. भाच्याला सांगा, तिथं फार स्वस्त घेण्यात शहाणपण नाही.

ज्या फ्रान्समधून ती येते तिथं शुल्क बाटलीला तीन-चार सेंट, नावापुरतं. इटली-स्पेनमध्ये साध्या वाईनवर ते शून्यच आहे. द्राक्षवाल्यांची मतं तिकडंही मोजली जातात.

आपल्याकडे परदेशी वाईनला पहिला दणका बंदरावर बसतो : सीमाशुल्क १५० टक्के. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची फोड बदलली, ५० टक्के मूळ शुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत उपकर, बेरीज तीच. हजार रुपयांची बाटली बंदरातून बाहेर पडते अडीच हजारांची होऊन. पुढचं राज्याचं शुल्क, व्हॅट, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा हे सगळं अडीच हजारांवर चढतं, हजारावर नव्हे. पहिल्या पायरीवरचा कर पुढच्या प्रत्येक पायरीवर पुन्हा वाढत जातो, तो असा. वाईन करामुळे महाग असते असं म्हणायचंच असेल, तर ते या बाटलीबद्दल म्हणावं.

ऑस्ट्रेलियन वाईनला थोडी वाट मिळाली आहे. २९ डिसेंबर २०२२ ला लागू झालेल्या करारानं पाच डॉलरहून महाग बाटलीवरचं शुल्क १५० वरून १०० वर आलं आणि दहा वर्षांत ५० वर येईल. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर ते थेट ७५ झालं, पुढं २५ होणार. पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला काही नाही. ही पाच डॉलरची मेख नाशिकसाठी मारलेली आहे. स्वस्त परदेशी माल आला तर आपल्या आठशेच्या बाटलीला कोण विचारणार?

प्रश्न : नवतीला, म्हणजे नव्या बागेच्या केळीला, भाव पडला की वापसीचा, म्हणजे बाजारानं नाकारलेला, माल गुरांपुढं टाकावा लागतो. द्राक्षाला लिटरला दहाच रुपये कर, मग केळीच्या वाईनला का नाही? घरच्या घरी थोडी करून पाहावी म्हणतो.
– केळी उत्पादक, रावेर

उत्तर : भाऊ, शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत ते मी वाचलं नाही असं समजा. परवान्याशिवाय आंबवणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते एक पिंप का असेना, आणि पिणारे घरचेच का असेनात.

आता मुद्द्याचं. केळीची वाईन होते. पिकलेल्या केळीत साखर वीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे वाईनच्या द्राक्षाच्या फार मागं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मद्यविषयक नियमांतही द्राक्षाशिवाय इतर फळांच्या वाईनला जागा आहे. अडचण रसाची आहे. द्राक्ष दाबलं की रस पळतो. केळं दाबलं की लगदा होतो. त्यातलं पेक्टिन, म्हणजे लगदा घट्ट धरून ठेवणारा पदार्थ, फोडायला एन्झाइम लागतं, मग गाळणं, मग निवळणं, आणि प्रत्येक टप्प्यावर माल घटतो. कापडातून गाळून भागत नाही.

करावर भिस्त ठेवू नका. दहा रुपयांची सवलत द्राक्षांना नजरेसमोर ठेवून आली. केळीला ती लागू होईल असं गृहीत धरून बँकेत जाऊ नका, आधी जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांकडून लेखी घ्या. आणि समजा दहाच रुपये लागले, तरी बाटली, टाकी, वीज, व्याज हे सगळं वर मुख्याध्यापकांना सांगितलं तसंच लागणार. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा उपयोग चिप्स आणि पावडरीला आधी होईल. एकट्यानं वायनरी काढणार असाल तर मी नको म्हणेन. शेतकरी कंपनीनं एखाद्या चालू वायनरीकडून त्यांच्याच परवान्यावर, रीतसर मंजुरी घेऊन, एक हंगाम करून पाहावा. फसलं तर टाक्या त्यांच्याच राहतील.

प्रश्न : मी उधन्याला असतो, मूळ शिंदखेड्याचा. गावी आलो की नाशिककडून सुरतच्या मित्रांसाठी वाईन नेतो. कर भरलेला असतो, छापील बिल असतं. मग नवापूरच्या पुढं पोलिस त्रास का देतात? एकाच देशात दोनदा कर द्यायचा का?
– एक खान्देशी, सुरत

उत्तर : दोनदा कर घेतला असता तर बरं झालं असतं, अशी तुमची परिस्थिती आहे. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. तिथं तुमच्या बाटलीवर कर नाही, गुन्हा आहे.

मद्य हा घटनेनं राज्यांकडे दिलेला विषय आहे : बनवणं, बाळगणं, विकणं, वाहून नेणं आणि त्यावर कर लावणं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, हे तुम्ही लहानपणापासून पाहत आला असाल. एका फलाटावर चालत गेलात तरी कायदा बदलतो. महाराष्ट्रात भरलेला कर म्हणजे महाराष्ट्राला दिलेले पैसे. त्यातून पलीकडं बाटली नेण्याचा हक्क मिळत नाही.

नवापूरकडे नोकरीला असताना एका लग्नाच्या गाडीची तपासणी पाहिली आहे. डिकीत आहेराच्या साड्यांखाली वाईनचं खोकं, आणि उधन्याचाच एक माणूस छातीला हात लावून सांगतोय, “दादा, पक्कं बिल शे मनाजोडे!” बिल खरंच पक्कं होतं. गाडीत नवरदेवाची आजी बसलेली होती आणि तिला पुढचे तीन तास रस्त्याकडेच्या टपरीवर बसून काढावे लागले. बिल हा खरेदीचा पुरावा असतो, वाहतुकीचा परवाना नव्हे. खटल्यात तर ते तुमच्याच विरुद्ध कामाला येतं.

आपल्या बाजूनंही तसंच. शिरपूरचे लोक मध्य प्रदेशातल्या सेंधव्याहून, किंवा कोणी गोव्याहून-दमणहून स्वस्त पडते म्हणून बाटल्या आणतात. परवान्याशिवाय परराज्यातलं मद्य आणणं दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ मध्ये येतं. त्या बाटलीवर महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नसतं, म्हणून खातं यावर डोळा ठेवतं. वाचणारे दोनशे-चारशे रुपये वकिलाच्या पहिल्या तारखेलाही पुरत नाहीत. मित्रांना नाशिकला बोलवा, तिथं प्या, तिथंच राहा.

प्रश्न : वाईन प्यायलाही परमिट लागतं का? आणि तुम्ही स्वतः घेता का?
– विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : लागतं. एका दिवसाचं विदेशी मद्याचं परमिट पाच रुपयांना, वर्षाचं शंभरला, आयुष्यभराचं हजाराला. दुकानदार बहुधा विचारत नाही, पण कायदा आहे आणि एखाद्या दिवशी कोणीतरी विचारतो. वाईन-बिअरला वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमला २५. तुम्ही पत्रात वय लिहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं उत्तर देत नाही. माझ्याकडे आयुष्यभराचं परमिट आहे. हजार रुपये भरले, पावती फाईलला लावली आहे.